आधी उपसा, मग मोजणी : आपल्या विहिरींचा इतिहास

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या शेतात रात्री साडेनऊला बोअरची गाडी आली. तामिळनाडू पासिंगची, सोबत पाइपांचा दुसरा ट्रक. पहाटेपर्यंत हातोडा चालू होता, घरातल्या भांड्यांना सुद्धा त्याचा कंप जाणवत होता. सकाळी गेलो तर तात्या बांधावर बसलेले. अंगावर, तुरीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, सगळीकडे राखाडी फुफाटा.

"किती झालं तात्या?"

"सहाशे चाळीस. ओल सुद्धा लागली नाही बघ."

गाडीवाल्याने जाताना वहीतलं पान फाडून बिल दिलं होतं. केसिंग किती फूट, एकूण किती फूट, फुटाला भाव काय, झाले किती. बस. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. आमच्या गावाच्या पोटात काय आहे, कुठे मुरूम संपतो, कुठे कातळ लागतो, कितव्या फुटाला पाणी होतं आणि कितव्याला नाही, याची लेखी नोंद गावात कुठे असेल तर ती फक्त अशा बिलांवर. आणि ती बिलं कोण जपून ठेवतं? तात्यांचं हे चौथं बोअर. आधीच्या तीन बिलांचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "कर्जाचे कागद जपायचे का ही?"

त्या दिवसापासून डोक्यात एकच विषय आहे. आपण जमिनीखालचं पाणी मोजायला कधी शिकलो? कशाने मोजलं? आणि एवढी यंत्रं आली, उपग्रह आले, तरी तात्यांना सहाशे चाळीस फुटांचा जुगार का खेळावा लागला? थोडं मोठं लिहितोय मंडळी, पण सवडीने वाचा. पुढच्या ग्रामसभेशी याचा संबंध आहे.

सुरुवात आपल्याच भाषेतल्या एका शब्दापासून करू. परस. आमचे आजोबा विहिरीची खोली कधी फुटात सांगत नसत. "सात परस विहीर आहे" असं सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. हा शब्द 'पुरुष' या मापावरून आलेला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक आख्खं प्रकरण आहे आणि त्यात खोली याच मापात दिली आहे. कोणतं झाड, त्याच्या कोणत्या दिशेला वारूळ, खाली कोणत्या रंगाची माती, मग किती पुरुष खोलीवर पाणी, असा सगळा मजकूर. त्यातलं सगळं काही आज टिकणार नाही. पण झाडं, माती, मुंग्या आणि पाणी यांचा एकमेकांशी संबंध आहे, ही नजर त्यात आहे. दाट उंबर किंवा जांभूळ दिसलं की म्हातारी माणसं आजही "इथं पाणी असंल" म्हणतात, ती नजर तीच.

पुढे गावोगावी पाणाडे होते. कोणी तळहातावर नारळ धरतो, कोणी कडुलिंबाची बेचकी. पायाळू माणसाला पाणी कळतं, असाही समज. पाणाड्यावर हसायची माझी इच्छा नाही. आमच्या गावातली अर्धी बोअरं अजून त्याच्याच शब्दावर पडतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाणाडा पाणी कुठे आहे ते सांगतो. किती आहे आणि किती दिवस पुरेल, हे तो सांगत नाही. आपण त्याला कधी विचारलंही नाही.

विचारायची गरजही नव्हती, कारण उपशाला आपोआप लगाम होता. मोट होती तेव्हा पाणी काढायचं ते बैलांच्या ताकदीवर. बैल दमले की मोट थांबायची आणि विहिरीला दम खायला वेळ मिळायचा. पाणी खाली गेलं की नाडा वाढवावा लागायचा, बैलांना धावेवर जास्त चालावं लागायचं. पाणी किती खाली गेलं हे शेतकऱ्याला रोज दिसायचं, रोज हाताला जाणवायचं. मोट हे उपसायचं साधन होतं आणि मोजायचंही.

मग यंत्र आलं. १९२६ च्या सुमाराला किर्लोस्करवाडीत पाणी उपसायचे सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. पुढे डिझेलचं इंजिन आलं, मग वीज आली. बैलांचा लगाम सुटला. पण निसर्गाचा एक लगाम अजून होता. असा पंप पाणी ओढतो म्हणजे नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्या दाबाची ताकद जास्तीत जास्त चौतीस फुटांची, आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांवरच दम निघतो. म्हणून तर विहिरीत आत कट्टा बांधून पंप खाली बसवायचे. जुन्या विहिरींत ते कट्टे अजून दिसतात. एकापेक्षा जास्त कट्टे दिसले तर समजा, पाणी टप्प्याटप्प्याने खाली गेलं आणि मागोमाग पंपही. आपल्या विहिरींचा इतिहास कागदावर नाही, पण दगडात आहे तो असा.

आता मोजणीकडे बघू. पाऊस मोजायला आपण बरेच लवकर शिकलो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. हवामान खातं १८७५ चं. तालुक्याच्या ठिकाणी कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असायचा आणि पावसाच्या नोंदी शंभर वर्षांहून जास्त मागे जातात. दुष्काळ जाहीर करायचा, सारा माफ करायचा की नाही ते ठरवायचं, यासाठी सरकारला पावसाचा आकडा हवा होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानात विहिरी खणण्यासाठी वेगळं खातंसुद्धा होतं. म्हणजे विहिरी खणायला खातं होतं. पण खणलेल्या विहिरीत दरवर्षी पाणी किती, हे सलग मोजायची व्यवस्था उभी राहायला अजून बरीच वर्षं जायची होती.

जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र जगातसुद्धा फार जुनं नाही. फ्रान्समध्ये दिजों नावाचं गाव आहे. तिथल्या नळयोजनेचं काम करताना आंरी दार्सी या इंजिनियरने वाळू भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून बघितलं आणि १८५६ साली नियम मांडला : पाण्याच्या पातळीतला फरक किती आणि वाळू कशी, यावरून पाणी किती वेगाने झिरपणार ते काढता येतं. आजही भूजलाचं गणित त्याच नियमावर चालतं.

पण दार्सीची वाळू आणि आपला काळा दगड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. वाळूत पाणी सगळीकडे सारखं असतं. बेसॉल्टमध्ये ते मुरमात, भेगांत आणि सांध्यात असतं. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ, मध्येच लाल गेरूसारखा पट्टा, परत कातळ. एका बांधाच्या अलीकडे दोन इंची पाणी आणि पलीकडे फुफाटा, हे म्हणूनच होतं. तात्यांचं नशीब खोटं नव्हतं, तो हातोडा भेगेला भेटला नाही एवढंच.

आणखी एक गोष्ट. असा दगड पाणी साठवतो फारच थोडं. भिजलेल्या खडकाच्या शंभर भागांतून एक ते तीन भाग पाणी आपल्याला मिळतं. म्हणून तर आपल्या विहिरी एका पावसाळ्यात भसकन भरतात आणि फेब्रुवारीत तशाच भसकन उतरतात. पुन्हा बघा : थोडं पाणी मुरलं तरी पातळी दहा-बारा फूट वर येते. आपल्याला वाटतं, केवढं पाणी झालं! प्रत्यक्षात ते हातभर सुद्धा नसतं.

मग आला १९७२. त्याबद्दल आपल्या घराघरांत सांगितलं जातं. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं. पाण्याच्या इतिहासात मात्र ते वर्ष वेगळ्या कारणाने महत्त्वाचं आहे. कातळ फोडून झपाट्याने खाली जाणारी, दाबलेल्या हवेवर हातोडा चालवणारी यंत्रं त्याच सुमाराला देशात येत होती. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने ती आणायला सुरुवात केली. ज्या विहिरीला महिनेच्या महिने सुरुंग लावत बसावं लागायचं, त्याहून खोल भोक एका दिवसात पडू लागलं.

हातपंपाची गोष्ट तर आपल्याच भागातली आहे. सुरुवातीचे बिडाचे हातपंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले. आख्खं गाव हाणायला लागलं की ते मोडायचे. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातल्या लोकांनी त्यात सुधारणा केल्या. त्यातल्या सोलापूर पंपावरून पुढे सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तो जगभर गेला, आफ्रिकेतल्या खेड्यांत सुद्धा. जगाला पाणी पाजणाऱ्या पंपाचं मूळ सोलापुरात आहे, हे आपल्या शाळांत कुणी सांगत नाही! त्या पंपाने आणखी एक केलं. विहीर ज्याच्या वाड्यात त्याचा तिच्यावर हुकूम चालायचा, कोणी पाणी शेंदायचं आणि कोणी ओंजळ धरून उभं राहायचं हे तिथे ठरायचं. सरकारी जागेतल्या हातपंपावर तसं करणं अवघड झालं. उपशाच्या यंत्रांना नुसत्या शिव्या घालून चालणार नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्याच काळात राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. इथे पहिल्यांदा आपल्याकडे पद्धतशीर मोजणी सुरू झाली. राज्याचे दीड हजारांहून जास्त पाणलोट पाडले, त्यांत निरीक्षण विहिरी ठरवल्या. आज अशा साडेतीन हजारांहून जास्त विहिरी आहेत. साधारण जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा माणूस येतो, टेप सोडतो, आकडा लिहितो, जातो. साधं काम वाटतं. पण आज राज्यात पाणीपातळी किती घटली ते पेपरात येतं ना, ते याच टेपवाल्यांच्या पन्नास वर्षांच्या पायपिटीमुळे.

पण हिशोब मांडा. पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जायची, आणि उपसा चालायचा वीज असेल तेवढे सगळे तास. त्यात पाणबुडी मोटर आली. ती वरून ओढत नाही, खालून ढकलते. त्यामुळे वीस-पंचवीस फुटांचा तो निसर्गाचा लगामही सुटला. दोनशे, चारशे, सहाशे, कितीही खाली जा. विजेचं बिल मीटरवर नाही, अश्वशक्तीवर. म्हणजे किती उपसलं याची नोंद तिथेही नाही. मोटेच्या नाड्यावरून कळायचं ते बोअरमध्ये कळेना. सहा इंची भोकात वाकून काय दिसणार? मोटर हवा ओढायला लागली की समजायचं, संपलं.

शास्त्र मात्र थांबलेलं नव्हतं. इथे मला दोन-तीन गोष्टी सांगायच्याच आहेत, कारण त्या खरंच सुंदर आहेत.

पहिली ट्रिटियमची. पन्नास-साठच्या दशकात अमेरिका आणि रशियाने हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यातून किरणोत्सारी हायड्रोजन, म्हणजे ट्रिटियम, पावसात उतरला. १९६३ च्या सुमाराला त्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. साडेबारा वर्षांच्या आतच तो निम्मा होतो. त्यामुळे विहिरीच्या पाण्यात तो सापडला तर पाणी त्या चाचण्यांनंतर मुरलेलं, नाही सापडला तर त्याआधीचं. बॉम्बमुळे पाण्याला जन्मदाखला मिळाला! आपल्याकडे तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र असं काम करतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तर उलटी युक्ती केली. पावसाळ्याआधी मुळांच्या खाली जमिनीत थोडा ट्रिटियम टोचायचा आणि पावसाळ्यानंतर तो किती खाली सरकला ते बघायचं. त्यावरून पावसाचं किती पाणी खरोखर खाली गेलं ते कळतं. आपल्यासारख्या बेसॉल्टच्या भागात ते पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असतं.

या दहा टक्क्यांवर जरा थांबा. आपल्याकडे सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर सत्तर मिलिमीटर मुरतो. पाटाने भिजवलेल्या उसाला हंगामात दोन हजार मिलिमीटर तरी पाणी लागतं. सातशे पावसाने दिलं असं उदारपणे धरलं तरी तेराशे विहिरीतून. तेराशे भागिले सत्तर. म्हणजे एका एकर उसाला अठरा एकरांत मुरलेलं पाणी लागतं. हिशोब ढोबळ आहे, पाटाचं काही पाणी परत मुरतं, ठिबकने गरज बरीच कमी होते. पण ज्याचा ऊस एक एकर आणि जमीन पाच एकर, तो उरलेल्या तेरा एकरांचं पाणी कोणाचं घेतो, हा प्रश्न राहतोच. हा प्रश्न कोणावर बोट दाखवायला नाही. माझ्या घरीही ऊस होता.

दुसरी गोष्ट उपग्रहांची. १७ मार्च १९८८ ला भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह सोडला गेला. त्याच्यासारख्यांच्या चित्रांवरून जमिनीतल्या लांबच लांब भेगा, जुन्या नदीपात्रांच्या खुणा दिसू लागल्या. पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे घ्यायची हे सांगणारे नकाशे त्यावरून बनले. मग नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्प आला, महाराष्ट्र त्यात होता. मोजण्यासाठीच खास बोअर घेतले आणि त्यांत आपोआप पातळी नोंदवणारी यंत्रं बसवली. आता अशी यंत्रं दर काही तासांनी आकडा सर्व्हरला पाठवतात. टेपवाल्याची वाट बघायला नको.

तिसरी गोष्ट ग्रेसची. बरोबर चौदा वर्षांनी, पुन्हा १७ मार्चलाच, २००२ साली अमेरिका आणि जर्मनीने दोन उपग्रह सोडले. एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. शास्त्रज्ञांनी त्यांना टॉम आणि जेरी म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यात फोटो काढणारा कॅमेराच नव्हता. ते फक्त एकमेकांतलं अंतर मोजत राहायचे, केसाच्या जाडीहूनही बारीक फरकापर्यंत. खाली जमीन जरा जड असेल तर पुढचा उपग्रह किंचित जास्त ओढला जातो, अंतर वाढतं. दर महिन्याला हे मोजलं की कुठे वजन वाढलं, कुठे घटलं ते कळतं. महिन्या-महिन्यात वजन बदलणारी मोठी गोष्ट म्हणजे पाणी. त्यातून मातीतला ओलावा, तलावांतलं पाणी वजा केलं की उरतं जमिनीखालचं. पृथ्वीला तराजूत घातल्यासारखंच हे झालं.

२००९ साली 'नेचर'मध्ये त्यावरचा निबंध आला. राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल संपलं होतं. आपल्या भाषेत सुमारे ३,८५० टीएमसी. जायकवाडी पूर्ण भरलं की साधारण १०२ टीएमसी. म्हणजे सदतीस जायकवाड्या, सहा वर्षांत. आणि त्या काळात तिथे पाऊस जवळपास सरासरीएवढाच होता. म्हणजे कमी पावसाची सबब चालणार नव्हती. जे विहिरीत उतरलेल्या टेपने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं होतं, ते आभाळातून एकदम दिसलं.

ते टॉम-जेरी २०१७ ला थांबले, २०१८ ला त्यांची पुढची जोडी गेली. पण त्यांचीही एक मर्यादा आहे. दीड-दोन लाख चौरस किलोमीटरपेक्षा लहान प्रदेश त्यांना नीट दिसत नाही. आख्खा मराठवाडा सुमारे चौसष्ट हजार चौरस किलोमीटरचा. आपला जिल्हा, आपलं शिवार, तात्यांचं शेत त्यांच्या हिशोबात येतच नाही. उपग्रहाला देश दिसतो, निरीक्षण विहिरीला पाणलोट दिसतो. गावाला गावाचं पाणी दाखवणारं यंत्र मात्र आकाशात नाही आणि कचेरीतही नाही.

याची किंमत आपण मोजली आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. धरण कोरडं पडलं म्हणून हे झालं, असं आपण म्हणतो आणि ते खरं आहे. पण धरणाचं कोरडं पात्र सगळ्यांना दिसत होतं. जमिनीखालचं धरण त्याच वेळी किती रिकामं झालं होतं ते कोणी पाहिलं? कायदा तर होता. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ ला लागू झाला, शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायचं नाही असं त्यात आहे. तात्यांचं बोअर सहाशे चाळीस. मोजणारं कोणी नसेल तर कायद्यातला आकडा नुसता छापलेला राहतो.

पाणी फक्त आपल्या मोटरीसाठी नसतं, हेही या मोजणीतूनच कळलं. आई सांगते, तिच्या लहानपणी आमचा ओढा होळीपर्यंत वाहायचा. पाऊस ऑक्टोबरला संपतो, मग ओढ्यात मार्चला पाणी कुठून? ते काठच्या जमिनीतून पाझरत यायचं. विहिरींची पातळी ओढ्याच्या तळाच्या खाली गेली की हा पाझर थांबतो, उलट ओढ्याचंच पाणी जमिनीत जिरतं. मग डोह आटतात, मासे जातात, काठचे उंबर-करंज वाळतात, पक्षी येत नाहीत. जमिनीखाली सुद्धा जीवसृष्टी आहे. आंध्र प्रदेशातल्या विहिरी-बोअरमधून संशोधकांनी डोळे नसलेले, मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव शोधून काढलेत. ते लाखो वर्षं अंधारात त्याच पाण्यावर जगत आले आहेत. आपल्या बेसॉल्टच्या भेगांत कोण राहतं? आपण फक्त मोटर सोडतो.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं मोजून काय होतं? रास्त प्रश्न आहे. उत्तर इतिहासातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. जमिनीवर नाही, माणशी पाणी द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले. तिथे पाऊस मोजतात, विहिरी मोजतात आणि त्या वर्षीच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मग पिकं ठरवतात. साताऱ्याच्या रणदुल्लाबादने पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेच्या मदतीने आपल्या गावाखालचा खडक समजून घेतला आणि बोअर थांबवले. शेजारच्या आंध्रात २००३ पासून सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत शेतकऱ्यांनीच पातळ्या मोजल्या, भिंतीवर लिहिल्या. तिथे कोणी बंदी घातली नव्हती. आकडा डोळ्यांसमोर आल्यावर अनेकांनी स्वतःहून कमी पाण्याची पिकं घेतली. अलीकडे पोकरा प्रकल्पात आयआयटी मुंबईने केलेल्या प्रणालीने पाच हजारांवर गावांचा ताळेबंद काढता येऊ लागला, आणि अटल भूजल योजनेतही तोच विचार आहे.

पण ज्या गावांत हे टिकलं तिथे आकडा गावाचा होता. सरकारने दिलेल्या फलकावर रंगवलेला आकडा एक वर्ष टिकतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात आमच्या भागातल्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागायला गेलो होतो. "कशासाठी पाहिजेत?" हा पहिला प्रश्न होता. आज बरेच आकडे इंटरनेटवर आहेत, हा मोठा बदल आहे. पण त्या विहिरीचा आकडा आणि माझ्या विहिरीचा आकडा यात काळा कातळ आहे, आणि तो काय करेल ते आता तुम्हाला माहीत आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या ग्रामसभेत मी ती मांडणार आहे, आणि आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाने मांडावी असं वाटतं.

एक, गावात चारी दिशांच्या दहा विहिरी आणि पाच बोअर ठरवायचे. महिन्याच्या एक तारखेला, मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी मोजायची. विहिरीला खुणा केलेली दोरी आणि दगड पुरतो. बोअरला पाण्याला टेकताच आवाज करणारा टेप मिळतो, तो पंचायतीने एक घ्यायचा. शाळेतली नववीची पोरं हे काम आपल्यापेक्षा चांगलं करतील.

दोन, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक. आकडा रोज फळ्यावर.

तीन, आणि हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. बोअरची जुनी-नवी बिलं पंचायतीत जमा करायची. कितव्या फुटाला काय लागलं ते शेतकऱ्याला आठवतंय तोपर्यंत लिहून घ्यायचं. कोरडी गेलेली बोअरं सुद्धा, खरं तर तीच आधी. लाजायचं काही कारण नाही. तात्यांच्या सहाशे चाळीस फुटांनी जे सांगितलं, ते शंभर बोअरचं एकत्र केलं तर गावाच्या पोटाचा नकाशा तयार होतो. एवढे पैसे घालून काढलेली माहिती आपण फुफाट्याबरोबर उडवून देतोय. आणि हो, कायद्याची भीती घालून ही बिलं मागितली तर एकही येणार नाही, हेही ग्रामसभेत सांगणार आहे.

काल संध्याकाळी तात्या घरी आले होते. हातात ते बिल. "तू त्या दिवशी लई वेळ बघत होतास, म्हणून आणलं," म्हणाले. मग मागे उरलेल्या तीन बोअरचं तोंडी सांगितलं, मी लिहून घेतलं. पहिलं एकशे ऐंशीला दीड इंच, चार वर्षं चाललं. दुसरं तीनशे दहाला एक इंच, दोन वर्षं. तिसरं साडेचारशेला नुसती ओल. चौथं तुम्हाला माहीत आहे. चार ओळी वाचून तात्याच गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे आधी लिहिलं असतं तर चौथं पाडलं नसतं मी."

तुमच्याकडे अशी बिलं असतील तर टाकू नका. तुमच्या गावात कोणी विहीर मोजत असेल, तर गावाचं नाव आणि महिन्याचा आकडा कळवा. मी वही केली आहे.